ठाण्यातली कौलारू चाळ स्क्रॅचपासून बनवायची तर कुठलं मटेरियल घ्यायचं आणि कामाला कसं लागायचं

डायोरामासाठी, म्हणजे छोट्या स्केलच्या देखाव्यासाठी, बिल्डिंग बनवायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास येतो, सनबोर्ड घेऊ की फोमबोर्ड घेऊ की सरळ लाकूडच वापरू? माझं म्हणणं असं आहे की आधी स्केल ठरवा, मग त्या स्केलला खरी भिंत, खरा स्लॅब, खरं कौल किती मिलीमीटरचं येतं ते कागदावर काढा, आणि मग त्या जाडीचं काय मिळतं ते बघायला दुकानात जा. आधी मटेरियल आणलं की भिंती किल्ल्यासारख्या जाड होतात, छज्जे ओट्यासारखे दिसतात आणि मग कितीही चांगला रंग मारा, मॉडेल खेळण्यासारखंच वाटतं.

बाजारात बिल्डिंगचे जे रेडिमेड किट मिळतात ते जवळपास सगळे युरोपातल्या घरांचे, उतरत्या छपरांचे, लाकडी पट्ट्यांच्या भिंतींचे. नौपाड्यातली दोन मजली कौलारू चाळ, किंवा वाशीतली बॉक्स ग्रिलवाली सिडकोची बिल्डिंग किटमधे कोण देणार? ती आपल्यालाच बनवावी लागते, आणि बनवायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण रिडेव्हलपमेंटमधे या इमारती एकेक करून चालल्यात आणि गॅलरीचा कठडा कसा होता, पन्हळ कुठून खाली यायची हे नंतर कुणाला आठवणार नाही.

स्केल आणि जाडी

बिल्डिंगसाठी साधारण चार स्केल वापरतात, १:७२ म्हणजे खऱ्या मापाचा बहात्तरावा भाग. रेल्वेवाले १:८७ म्हणजे एचओ, विमानं आणि छोटे रणगाडे करणारे १:७२, मग १:४८, आणि मोठ्या फिगर, म्हणजे माणसांच्या मूर्ती, ठेवायच्या तर १:३५. ठाण्यात राहून रेल्वेचा डायोरामा करावासा वाटणारच, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यालाच तर आली होती, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, एचओच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर असतं आणि ते परदेशी स्टँडर्ड गेजचं आहे, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर म्हणजे १:८७ ला १९.३ मिलीमीटर भरतो. त्यामुळे रेडिमेड रुळाच्या कडेला आपली बिल्डिंग बरोबर मापात ठेवली तरी रूळ अरुंद दिसतो, चूक तुमच्या बिल्डिंगची नसते.

पहिल्यांदा करणाऱ्यांना मी १:७२ सांगते. कारण अगदी साधं आहे. आपल्याकडची जुनी बाहेरची भिंत नऊ इंची, म्हणजे २२९ मिलीमीटर. त्याला ७२ ने भागा, ३.२ येतात. आणि बाजारात सनबोर्ड आणि फोमबोर्ड दोन्ही ३ मिलीमीटरमधे मिळतात! म्हणजे पत्रा, कागद काही न चिकटवता भिंतीची जाडी आपोआप बरोबर येते, आणि खिडकीच्या आत जी भिंतीची खोली दिसते तिथेच तर डोळा फसतो. आतली साडेचार इंची भिंत १.६ मिलीमीटर, तिथे माउंटबोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा, किंवा दीड मिलीमीटरची स्टायरीन शीट, म्हणजे मॉडेलसाठीचं पातळ प्लास्टिक. पाच इंची स्लॅब पावणेदोन मिलीमीटर. सात फुटी दरवाजा साडेएकोणतीस मिलीमीटर उंच, तीन फूट रुंद म्हणजे पावणेतेरा. दहा फुटी मजला ४२ मिलीमीटर. ही पाचसहा मापं एका कार्डावर लिहून टेबलावर चिकटवून ठेवा, सारखी लागतात.

१:३५ ला जायचं असेल तर तीच भिंत साडेसहा मिलीमीटर होते, मग ५ मिलीमीटरचा बोर्ड घेऊन दोन्ही बाजूंनी पुट्टीचा थर द्यायचा. पण तिथे पन्नास फुटी चाळ ४३५ मिलीमीटर लांब होते, ती ठाण्याच्या वन बीएचकेमधे कुठे ठेवायची हा प्रश्न आधी घरी विचारून घ्या. १:७२ ला तीच २१२ मिलीमीटर, बारा बाय दहा इंचाच्या प्लायवर समोरच्या गल्लीसकट मावते.

माप घ्यायचं कसं

आर्किटेक्टचा प्लॅन मिळत नाही, मिळायची गरजही नाही. फोटो समोरून सरळ काढा, जवळ जाऊन वाइड नाही, रस्त्याच्या पलीकडे जाऊन झूम करून, म्हणजे वरचा मजला लहान दिसत नाही. फोटोत कुणाला तरी भिंतीला चिकटून उभं करा, त्याची उंची माहीत असली की बाकी सगळं काढता येतं. कुठे प्लास्टर पडून विटा दिसत असतील तर सोन्याहून पिवळं, जुनी वीट ९ × ४.५ × ३ इंचाची, थर मोजा आणि उंची काढा. आणि विचारून फोटो काढा हो. "काका, तुमच्या चाळीचं छोटं मॉडेल करतेय, गॅलरीचा एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं तरी बहुतेक जण स्वतःहून जिना चढून वर नेतात, आणि मग कुठला खांब बदललाय, मोरी आधी कुठे होती हेही सांगतात, ती माहिती कुठल्याच प्लॅनमधे नसते.

आता कुठलं मटेरियल कशासाठी

सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम, साइनबोर्डवाले वापरतात तोच. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीच्या बाजूला साइनबोर्डची कामं करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, मागितले तर स्वस्तात देतात, कधीकधी फुकटच. पाण्याने फुगत नाही, वाकत नाही, म्हणून आपल्या हवेत भिंतींसाठी माझी पहिली पसंती हीच. वरच्या गुळगुळीत थरावर बोथट सुईने रेघा ओढल्या की फरशी, फळ्या, विटा उमटतात. मात्र फेव्हिकॉल यावर नीट धरत नाही कारण शोषायला काही नसतं, फेव्हिक्विक लावा. आणि लेझर कटिंगला सनबोर्ड अजिबात द्यायचा नाही, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही. लेझर करायचंच असेल तर एमडीएफ, ॲक्रेलिक किंवा माउंटबोर्ड द्या.

फोमबोर्डला दोन्ही बाजूंनी कागद आणि मधे फोम. हलका, झटपट कापला जातो, फेव्हिकॉल मस्त धरतो. पण इथे उलटं, साधं फेव्हिक्विक आतला फोम खातं, स्प्रे पेंटचा थिनरही खातो, त्यामुळे कापलेल्या कडा आधी पातळ फेव्हिकॉलने किंवा गेसोने (कॅनव्हासला लावतात तो प्रायमर) बंद करायच्या आणि मगच रंग. ॲक्रेलिक ब्रशने लावणार असाल तर टेन्शन नाही.

माउंटबोर्ड आणि ग्रे बोर्ड स्वस्त, कुठल्याही स्टेशनरीत मिळतात, आतल्या भिंती, छपराचा पाया, ट्रायलसाठी उत्तम. जुलैमधे मात्र हेच पुठ्ठे हवेतलं पाणी पिऊन पापडासारखे वाकतात. उपाय एकच, दोन्ही बाजूंना सारखा रंग किंवा सारखी वॉर्निश, एका बाजूला लावली आणि दुसरी कोरडी ठेवली की वाक आलाच.

एक्सपीएस म्हणजे टेरेसच्या इन्सुलेशनला वापरतात तो गुलाबी, निळा किंवा राखाडी घट्ट फोम. थर्माकोलची मखरं २०१८ च्या बंदीनंतर गेली आणि काही जण याच्याकडे वळले, पण आपल्या कामात याचा उपयोग दगडासाठी. चाळीचं काळ्या दगडाचं जोतं, विहिरीचा कठडा, किल्ल्याची तटबंदी. पेन्सिलने सांधे कोरायचे, मग चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा दाबत जायचा, दगडाचा खडबडीतपणा एका मिनिटात येतो. जांभा हवा असेल तर त्याच्यावर टूथब्रशने टोचायचं, बारीक भोकं पडतात.

स्टायरीन शीट महाग पडते, म्हणून ती फक्त दिसणाऱ्या बारीक गोष्टींना, चौकटी, छज्जे, पाण्याची टाकी, मीटरच्या पेट्या. तिचा सॉल्व्हंटवाला पातळ ग्लू वापरताना खिडकी उघडी आणि पंखा चालू, यात तडजोड नाही.

लाकडासाठी हॉबी शॉपला जायच्या आधी देवघरात आणि किचनमधे बघा. काडेपेटीची काडी साधारण २ मिलीमीटर, १:७२ ला जवळपास सहा इंची खांब. अगरबत्तीची काडी १.३ मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे चार इंची वासा. आइस्क्रीम स्टिक उभी चिरली की गॅलरीच्या फळ्या. बाकी बाल्सा, छोटे ब्रास पाइप, फिगर असलं काही हवं असेल तर मुंबईला अब्दुल रेहमान स्ट्रीटला एक चक्कर मारावी, क्रॉफर्ड मार्केटलाच लागून आहे.

बांधायचा क्रम

आधी ग्रे बोर्डचं ओबडधोबड खोकं बनवा, खिडक्या पेनने काढा आणि डायोरामाच्या बेसवर ठेवून डोळ्याच्या पातळीवरून बघा. बिल्डिंग बेसच्या कडेला समांतर ठेवू नका, थोडी तिरकी ठेवली की गल्लीला खोली येते. हे खोकं पटलं की मग खरं काम.

भिंती कापताना दरवाजे खिडक्या आधी कापायच्या, बाहेरची आउटलाइन शेवटी, कारण बोर्ड मोठा असताना हाताला पकड मिळते. स्टीलची पट्टी, नवीन ब्लेड, आणि एका दमात दाबून न कापता हलक्या हाताने तीनचार वेळा फिरवायचं. खिडकीचे चारही कोपरे आधी ब्लेडचं टोक टोचून पक्के करा, मग मधली रेघ, म्हणजे ब्लेड पुढे घसरत नाही. कोपऱ्यात जिथे दोन भिंती मिळतात तिथे ४५ अंशात छाटलं तर सांधा दिसत नाही, ते जमत नसेल तर साधा जोड करून फटीत पुट्टी भरा, सँडपेपर मारा, झालं.

भिंती उभ्या करताना आत काटकोनी त्रिकोण चिकटवा आणि प्रत्येक मजल्याची जमीन खरोखर बसवा, तीच बिल्डिंगला धरून ठेवते. छप्पर मात्र चिकटवू नका, उचलता येईल असं ठेवा, आतला बल्ब बदलायला, खोलीत सामान लावायला लागतं.

प्लास्टरसाठी वॉल पुट्टी पाण्यात पातळ करून ब्रशने लावायची आणि अर्धी सुकली की स्पंजने थापटायची. १:७२ ला वाळूचा कण दिसतच नाही, त्यामुळे खरी वाळू मिसळू नका. १:३५ ला मलमलच्या फडक्यातून चाळलेली दगडाची पूड चालते. जिथे प्लास्टर पडलेलं दाखवायचं तिथे आधीच विटा कोरून ठेवा, १:७२ ला सिमेंटच्या सांध्यासकट एक थर साधारण १.२ मिलीमीटरचा येतो, आणि पुट्टी त्याच्या कडेपर्यंत आणून सोडून द्या.

कौलं

इथे वेळ द्या. चाळीचा सगळा जीव या छपरात आहे. मंगळुरी कौलं, बासेल मिशनने १८६५ मधे मंगळूरला कारखाना काढला तिथपासूनची, सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि ठाण्यातल्या जुन्या घरांवर अजून आहेत. एक कौल साधारण ४१० × २३५ मिलीमीटर, पण एकावर एक चढतात म्हणून दिसतं कमी, सुमारे ३२० × २००. १:७२ ला म्हणजे ओळींमधलं अंतर ४.४ मिलीमीटर आणि कौलाची रुंदी २.८.

जाड ड्रॉइंग पेपरच्या सहा मिलीमीटर रुंद पट्ट्या कापा. मऊ रबरावर ठेवून बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलने दर २.८ मिलीमीटरला उभी खाच दाबा, खालच्या कडेला त्या खाचेत बारीकशी चीर द्या. छपराच्या माउंटबोर्डवर दर ४.४ मिलीमीटरला पेन्सिलीची रेघ, आणि पट्ट्या खालून वर लावत जायच्या, प्रत्येक वरची पट्टी खालचीवर चढलेली. सगळ्यात खालच्या ओळीखाली एक कागदाची पट्टी जास्त, नाहीतर पहिली ओळ आत झुकते. परदेशी व्हिडिओत कौलं विटांसारखी एक सोडून एक लावलेली दिसतील, तसं करू नका, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खालपासून आढ्यापर्यंत खाचा एका सरळ रेषेत येतात. आपल्या चाळीला छपराच्या एका बाजूला साधारण १७ ओळी आणि प्रत्येकीत ऐंशीएक कौलं होतात, कंटाळवाणं आहे पण पट्टीने होतं, एकेक कौल कापायचं नाहीये.

आता तीन गोष्टी. माउंटबोर्डचा पाया वाशांच्या मधे अगदी थोडासा खाली दाबा, जुनं छप्पर कधीच सरळ नसतं. आढ्यावरचे कोने अगरबत्तीच्या काडीवर ओला कागद गुंडाळून अर्धगोल करा आणि त्यांच्या सांध्यात पुट्टीचे ठिपके द्या, खऱ्या छपरावर तिथे सिमेंट असतं. आणि मधेच कुठेतरी दोनतीन कौलांच्या जागी ओएचपी शीटचा (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचा) तुकडा, काचेचं कौल, आत दिवा लावला की तिथून उजेड दिसतो.

पत्रा करायचा असेल, शेजारच्या टपरीचा किंवा मागच्या मोरीचा, तर हार्डवेअरच्या दुकानातून एम-६ चा आटे पाडलेला रॉड आणा. त्याच्या आट्यांमधलं अंतर बरोबर १ मिलीमीटर असतं आणि लोखंडी पत्र्याची नळी ७६ मिलीमीटरची, १:७२ ला १.०५. म्हणजे माउसपॅडवर जाड फॉइल ठेवून त्यावरून हा रॉड जोरात लाटला की पत्रा तयार. सिमेंटच्या पत्र्याची नळी १४६ मिलीमीटर, त्याला एम-१६ चा रॉड, २ मिलीमीटर. चिकटवताना पत्रे एकमेकांवर एक नळी चढवून लावा.

ग्रिल आणि बारीकसारीक

नवी मुंबईतली बिल्डिंग करणार असाल तर कौलांऐवजी तुमचा सगळा वेळ ग्रिलमधे जाणार. ग्रिलची सळई १२ मिलीमीटरची धरली तर १:७२ ला ०.१७. घरातल्या जुन्या वायरचं कव्हर सोलून आतली तांब्याची एकेक तार वेगळी करा, ०.२ ते ०.३ मिलीमीटरची मिळते. तार सरळ करायला एक टोक पक्कडीत धरून दुसरं हलकं ओढायचं, ती थोडी ताणली जाते आणि एकदम सरळ होते. ग्राफ पेपरवर डबल टेप, त्यावर आधी सगळ्या आडव्या तारा, मग उभ्या, प्रत्येक सांध्यावर सुईच्या टोकाने फेव्हिक्विकचा थेंब. काचेसाठी ओएचपी शीट लावायची असेल तर तिला फेव्हिक्विक नको, वाफेने पांढरी पडते, फेव्हिकॉलचा बारीक ठिपका पुरतो.

ज्यांना अपार्टमेंट नको पण नवी मुंबईचंच काहीतरी हवं त्यांनी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जाऊन बघा. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली ती छोटी छोटी स्वतंत्र घरं, मधे अंगण, उतरतं छप्पर, एकेक घर वेगळं करून बनवता येतं म्हणून शिकायला फार छान. बऱ्याच घरांवर आता मजले चढलेत, त्यामुळे जुने फोटो शोधून मग ठरवा कुठल्या काळातलं करायचं.

रंग आणि पावसाची कामगिरी

रंग खऱ्यापेक्षा एक शेड फिका घ्या, छोट्या वस्तूवर गडद रंग जास्तच गडद दिसतो. चाळीची भिंत म्हणजे चुन्याची, फिकट निळी, पिस्ता किंवा पिवळसर. आधी सगळीकडे राखाडी प्रायमर, मग भिंतीचा रंग दोन पातळ हातांत. कौलांना बर्न्ट सिएना आणि थोडा रॉ अंबर, सुकल्यावर मधली मधली कौलं वेगळ्या शेडने, आणि चारपाच एकदम भगवट नवी, दरवर्षी पावसाआधी काही कौलं बदलतातच.

वेदरिंग, म्हणजे ऊनपावसाचा जुनेपणा, सगळीकडे सारखं मारू नका, इथेच बरेच जण घाई करतात. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे बिल्डिंगची ती बाजू काळी, शेवाळलेली, आणि उलटी बाजू त्या मानाने स्वच्छ. तुमच्या डायोरामात दक्षिण कुठे ते आधी ठरवा आणि बेसखाली पेन्सिलने बाण काढून ठेवा. काळ्या आणि हिरव्या रंगाचा अगदी पातळ वॉश त्याच बाजूला वरून खाली ओढा, छज्जाच्या दोन्ही टोकांखाली, पन्हळीच्या जोडाखाली, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत. जोत्याजवळ एक बोटभर पट्टा ओलीचा, तिथे लाल मातीचा शिंतोडाही येतो. ड्राय पेस्टलचा खडू सँडपेपरवर घासून केलेली पूड मऊ ब्रशने लावली की धूळ आणि शेवाळ दोन्ही जमतात. खांबांवर आणि कठड्यावर हाताने गुळगुळीत झालेल्या जागी फिकट रंगाचा ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात.

पावसाळा दाखवायचा असेल तर छपरावर निळी ताडपत्री हवीच. टिश्यू पेपर पातळ फेव्हिकॉलमधे भिजवून कौलांवर पसरायचा, सुया घेऊन घड्या पाडायच्या, सुकल्यावर निळा रंग, वर दोरी आणि विटांचे तुकडे. भिंतीवर बाहेरून आलेला पाइप विसरू नका, चार इंची पाइप दीड मिलीमीटर म्हणजे पुन्हा अगरबत्तीची काडी, आणि अर्ध्या इंची पाण्याच्या लाइनला तीच वायरमधली तार. पाइपच्या मागच्या सांध्यात पिंपळाचं रोप हवं असेल तर सुकलेल्या मोहरीच्या रोपाचं टोक चालतं.

सगळं झालं की मॅट वॉर्निशचा हात, पण ओएचपी शीटच्या खिडक्या आधी झाकून, आणि पाऊस चालू असताना स्प्रे नको, हवेतल्या दमटपणामुळे वॉर्निश पांढरट होते, त्यासाठी कोरड्या दुपारची वाट बघा. मग ॲक्रेलिकच्या पेटीत ठेवायचं, आत सिलिका जेलची पुडी, जूनच्या सुरुवातीला ती बदलायची आणि गणपती झाल्यावर परत एकदा.